मनगट

रस्ता ओलांडताना आजी हात धरायची नाही,
मनगट धरायची.
तीन बोटं नाडीवर, नजर येणाऱ्या बसवर,
आणि पलीकडे पोचलो की म्हणायची,
"ब्याण्णव. शाळेत काय झालं?"

तिच्याशी खोटं बोलायचं
तर आधी काळजाला पढवून ठेवावं लागे.

सिस्टर हिवाळे.
रॉचडेलच्या जिभांना तो ळ काही वळला नाही.
हिवाली, हिवेल, शेवटी नुसतंच सिस्टर एच.
ती म्हणे, बरंच झालं,
अर्थ कळला असता तर म्हणाले असते,
हिवाळा इथे काय कमी होता, बाई?

जालन्याहून निघाली तेव्हा ट्रंकेत
दोन पांढरी लुगडी, जी इथे कधी नेसली नाही,
काळ्या बांधणीचं पवित्र शास्त्र,
आणि एक फिरकीचा तांब्या,
तो आगबोटीवरच कुणीतरी लांबवला.
त्या माणसासाठीही ती प्रार्थना करायची,
साठ वर्षं,
पण तांब्याचा उल्लेख करून.

छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ.
मला वाटे, चुकून लावलंय.
"तुला उलटं. मला सुलटंच आहे."

रात्रपाळी, बत्तीस खाटा.
पेशंटला हात लावण्याआधी
बोटं काखेत धरून ऊब आणायची;
गार बोटही टोचतं, म्हणायची, सुईसारखं.
गिरणीच्या कापसानं छाती भरलेला एक म्हातारा म्हणाला,
हिचा हात नको मला.
बरं, म्हणाली,
आणि पडद्याच्या अलीकडे स्टूल घेऊन बसली.
पहाटे चारला पडदा त्यानंच सरकवला.
काय म्हणाला, ते तिनं सांगितलं नाही.
मी पुष्कळदा विचारलं.

कुणी गेलं की
आधी खिडकी चार बोटं उघडायची.
मग कोमट पाणी, मऊ फडकं,
मग केस.
भांग कोणत्या बाजूला, ते उशाशी ठेवलेल्या फोटोत बघून.
आणि ड्यूटी बदलताना
पुढच्या नर्सला सांगतात ना,
तसं हळूच, मराठीत, वरती:
"हा हॅरल्ड. डाव्या कानानं ऐकू येत नाही.
पायाला गार लागतं.
बाकी तुला ठाऊक आहे."

रविवारी चॅपलमध्ये तिसरा बाक.
गाणी सगळी इंग्रजीत म्हणायची, सुरात;
प्रार्थनेला डोळे मिटले
की ओठ जालन्याला जायचे.
घरी येऊन बाजरीचं पीठ मळताना
मी विचारलं होतं, देव खरंच ऐकतो?
थापता थापता म्हणाली,
"पेशंट तरी कुठे मला उत्तर द्यायचे?"
भाकरी उलटली.
त्या दिवशी ती जरा करपली.

आता तेच हॉस्पिटल, नवी इमारत.
खाटेच्या चादरीचे कोपरे कसेतरी खोचलेले,
ते तिनं पहिल्या दिवशी पाहिलं आणि काही बोलली नाही,
आजारी आहे हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या रात्री मी हात धरला नाही,
मनगट धरलं.
बावन्न. अठ्ठेचाळीस.
मग मोजता येईना,
मग मोजायला काही नव्हतं,
आणि बोटं तरी तिथेच होती.

खिडकी उघडायला गेले.
उघडत नाहीत म्हणे आता, सुरक्षेसाठी.
काचेवर तळवा ठेवला, एवढंच.
केरळची तरुण नर्स कोमट पाणी घेऊन आली.
भांग मधोमध, मी सांगितलं.

तिच्यासारखं मला ठामपणे काही माहीत नाही
वर कोण आहे, ड्यूटीवर आहे का.
तरी म्हटलं, कुणीतरी ऐकावं:
ही सलोमी.
चहात साखर एक चमचा सांगेल, दोन घाल.
उजवा गुडघा दुखतो, विचारलंस तर नाही म्हणेल.
वॉर्डात कुणी जागं असेल तर ही झोपणार नाही,
आग्रह करू नकोस.
आणि तो तांब्या, तेवढं बघ.

बाहेर, बसथांब्यावर,
स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवली.
एकशे चार.
कुणी विचारलं नाही, काय झालं.